सिल्विया नाइड : वारंवार विचारले जाणारे (आणि काही कुणीच न विचारलेले) प्रश्न

१९ ऑगस्ट २०१६. संध्याकाळी सगळं घर टीव्हीसमोर होतं, कारण रिओत सिंधूचा अंतिम सामना होता. रौप्यपदक आलं, पेढे आले, सगळे झोपायला गेले. मी मात्र रात्री दोनला उठून पुन्हा टीव्ही लावला, आवाज अगदी बारीक करून. मराकानावर जर्मनी आणि स्वीडनच्या महिलांचा फुटबॉलचा अंतिम सामना होता. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा पाण्यासाठी उठलेली आई दारातच थांबली. पडद्यावर सोनेरी केसांच्या एका बाईंना मुली मिठ्या मारत होत्या. ‘या कोण गं?’ आईनं विचारलं. उत्तर लांबत गेलं आणि पाणी राहिलंच.

तेव्हापासून हा प्रश्न अनेकांनी विचारलाय. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. एक सूचना आधीच: या पानावर ‘ती’ आणि ‘त्या’ यांची सरमिसळ आहे. मैदानावर खेळणारी सिल्विया ‘ती’, आणि बाकावरून सूचना देणाऱ्या नाइडबाई ‘त्या’. माझ्या डोक्यात त्या दोघी आहेत, त्याला इलाज नाही.

तर, या कोण?

जर्मनीच्या महिला संघात मधल्या फळीत खेळणारी, १११ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ४८ गोल करणारी खेळाडू. पुढे त्याच संघाच्या सहायक प्रशिक्षक आणि मग अकरा वर्षं मुख्य प्रशिक्षक. जर्मन महिलांनी आजवर युरोपियन स्पर्धा आठ वेळा जिंकली, विश्वचषक दोनदा आणि ऑलिंपिक सुवर्ण एकदा. या अकराही विजेतेपदांच्या वेळी नाइड संघासोबत होत्या, कधी बूट घालून, कधी कागद-पेन घेऊन. जगातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या संघाबद्दल असं एका माणसाचं नाव घेता येईल असं मला वाटत नाही.

नाव ‘नीड’ की ‘नाइड’?

इंग्रजी समालोचक ‘नीड’ म्हणतात, ते सोडून द्या. जर्मनमध्ये ‘नाइट’च्या जवळ जाणारा उच्चार आहे, कारण शब्दाच्या शेवटचा ‘ड’ तिथे ‘ट’सारखा ऐकू येतो. पहिलं नावही खरं तर ‘झिल्विया’. मराठीत लिहिताना मी ‘सिल्विया नाइड’ असं मधलंच काहीतरी धरलंय. गंमत म्हणजे या आडनावाचा जर्मन भाषेतला अर्थ ‘मत्सर’. कपाट भरून चषक असलेल्या बाईंना आडनाव तरी कसं मिळावं!

मूळची कुठली?

वाल्ड्यूर्न. दक्षिण जर्मनीत, ओडेनवाल्डच्या डोंगराळ, जंगलाच्या भागातलं छोटं गाव. जर्मन कॅथलिकांचं मोठं यात्रेचं ठिकाण म्हणून ते ओळखलं जातं. जन्म २ मे १९६४. आसपासच्याच श्लीरश्टाट आणि क्लिंगं झेकाख या क्लबांतून ती खेळायला लागली.

जन्मवर्ष लक्षात ठेवा. पुढचं उत्तर त्याच्यामुळेच लांबलंय.

तिच्या लहानपणी जर्मनीत मुलींना फुटबॉल खेळायची बंदी होती, हे खरं?

खरं. आणि ही बंदी सरकारनं नव्हे, जर्मन फुटबॉल महासंघानंच घातली होती.

३० जुलै १९५५ला महासंघानं ठराव केला: आपल्या सदस्य क्लबांनी महिलांचा विभाग सुरू करायचा नाही, महिलांच्या सामन्यांना मैदान द्यायचं नाही, आपल्या पंचांनी अशा सामन्यांत काम करायचं नाही. कारण काय, तर चेंडूसाठी झटापट करताना स्त्रीचं लालित्य हरवतं, तिच्या शरीराला आणि मनाला इजा होते, आणि शरीराचं असं प्रदर्शन शोभत नाही. जेमतेम वर्षभरापूर्वी, १९५४ साली, पुरुषांनी बर्नमध्ये विश्वचषक जिंकला होता आणि देशभर फुटबॉलचं वारं होतं. मुलींनाही ते लागणारच होतं. बायका तरीही खेळल्याच. महासंघाच्या मैदानावर नाही तर मिळेल त्या मैदानावर, आणि पाहायला लोकही यायचे.

बंदी उठली ३१ ऑक्टोबर १९७०ला. तीही उदार मनानं नव्हे. महिला आपली वेगळी संघटना काढतील आणि खेळ हातातून जाईल, ही धास्ती होती. परवानगी देताना अटी काय घातल्या ते पाहा. सामना तीस-तीस मिनिटांच्या दोन सत्रांचा. चेंडू हलका, मुलांचा. बुटांना खिळे चालणार नाहीत. थंडीत खेळायचं नाही. जणू काचेचं सामान हाताळायचंय. यातल्या बऱ्याच अटी हळूहळू गळून पडल्या, पण जर्मनीत महिलांचा सामना पूर्ण नव्वद मिनिटांचा व्हायला १९९३ उजाडलं. म्हणजे नाइडच्या खेळाची बहुतेक वर्षं ऐंशी मिनिटांच्या सामन्यांत गेली. तिच्या ४८ गोलांची तुलना आजच्या आकड्यांशी करणाऱ्यांनी हे एकदा डोक्यात घ्यावं.

बंदी उठली तेव्हा सिल्विया सहा वर्षांची होती. चार-पाच वर्षं आधी जन्मली असती तर फुटबॉलचा चेंडू तिच्यापर्यंत क्लबच्या दारातून आलाच नसता, कुंपणावरून उडी मारून आला असता.

मग राष्ट्रीय संघ कधी झाला?

फार उशिरा, आणि थोडा लाजेकाजेस्तव. १९८१ साली तैवानमध्ये महिलांची एक अनौपचारिक जागतिक स्पर्धा होती. जर्मनीला आमंत्रण आलं, पण पाठवायला संघच नाही! मग बेर्गिश ग्लाडबाख या क्लबचा संघ देशाच्या वतीनं गेला आणि स्पर्धा जिंकून परत आला. महासंघापुढे आता सबब उरली नाही.

पहिला अधिकृत सामना १० नोव्हेंबर १९८२ला कोब्लेंझमध्ये झाला, स्वित्झर्लंडविरुद्ध. प्रशिक्षक गेरो बिसान्झ, कर्णधार आनं त्राबांट-हारबाख; तैवान जिंकणाऱ्या बेर्गिश ग्लाडबाखची खेळाडू-प्रशिक्षक तीच. जर्मनी ५-१ जिंकली.

त्या पाचातले दोन गोल अठरा वर्षांच्या एका मुलीचे होते. तीही बदली खेळाडू म्हणून आत आलेली, आणि आल्या आल्या चेंडू जाळ्यात. ही आपली सिल्विया. देशाच्या महिला संघाचा पहिला सामना आणि तिचा पहिला सामना एकच. संघ आणि ती एकाच दिवशी जन्मले म्हणायचे.

ती कुठल्या जागेवर खेळायची? खेळ कसा होता?

मधल्या फळीत, आघाडीकडे झुकलेली. खेळ रचायचा, पुढच्यांना चेंडू पुरवायचा आणि संधी दिसली की स्वतः आत घुसायचं. मधल्या फळीतल्या खेळाडूनं १११ सामन्यांत ४८ गोल करणं म्हणजे दर सव्वादोन सामन्यांमागे एक. आघाडीच्या कित्येक खेळाडूंना हे जमत नाही. हायडी मोअरसारखी गोलांची भुकेली खेळाडू पुढे असताना मागून येऊन एवढे गोल करायचे, तर चेंडू कुठे पडणार हे इतरांच्या आधी कळावं लागतं. माझ्या मते तिचं खरं भांडवल हेच होतं. प्रशिक्षक झाल्यावरही तेच उपयोगी पडलं.

अनेक वर्षं ती संघाची कर्णधारही होती.

क्लब फुटबॉलमध्ये काय मिळवलं?

१९८३ मध्ये ती बेर्गिश ग्लाडबाखला गेली आणि १९८४ साली राष्ट्रीय विजेतेपद आणि जर्मन चषक दोन्ही जिंकले. १९८५ मध्ये झीगनला गेली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. सगळं मिळून सात राष्ट्रीय विजेतेपदं आणि सहा चषक. त्या काळात झीगन म्हणजे महिला फुटबॉलची राजधानी होती. आज तिथला तो संघ पहिल्या पानावर दिसत नाही. पैसा मोठ्या पुरुष क्लबांच्या मागोमाग वोल्फ्सबुर्ग आणि म्युनिककडे गेला. बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची राष्ट्रीय लीग, महिलांसाठी सुरू झाली तीच मुळी १९९० साली, आणि सुरुवातीला उत्तर-दक्षिण अशा दोन गटांत.

युरोप जिंकल्याबद्दल कप-बश्या मिळाल्या, ही गोष्ट खरी की बनवलेली?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि ऐकता तेवढ्यावर संपत नाही.

साल १९८९. युरोपियन स्पर्धेचे शेवटचे सामने पश्चिम जर्मनीत होते. त्याआधीच्या दोन स्पर्धांना, १९८४ आणि १९८७ला, जर्मनी पात्रसुद्धा ठरली नव्हती. त्यामुळे अपेक्षा बेताच्याच. उपांत्य सामना २८ जूनला इटलीविरुद्ध, आणि कुठे, तर झीगनमध्ये! म्हणजे नाइडच्या क्लबच्या गावात. जर्मन टीव्हीवर पूर्ण थेट दाखवलेला महिलांचा हा पहिला सामना. गोल केला नाइडनंच. मग इटलीच्या एलिझाबेत्ता विन्योत्तोनं बरोबरी साधली, जादा वेळ झाला आणि पाळी पेनल्ट्यांवर आली.

पुढची पंधरा मिनिटं मारिऑन इझबर्टची. जर्मनीच्या या गोलरक्षिकेनं तीन पेनल्ट्या अडवल्या. एवढं करून भागलं नाही म्हणून निर्णायक पेनल्टी मारायलाही तीच गेली आणि मारलीसुद्धा. आधी भांडी घासायची, मग स्वयंपाकही करायचा, तसलं काम. त्या संध्याकाळी ज्यांनी सहज टीव्ही लावला असेल ते हललेच नसणार जागचे.

चार दिवसांनी, २ जुलैला, ओस्नाब्रुकमध्ये अंतिम सामना. समोर गतविजेता नॉर्वे. मैदानात २२ हजार प्रेक्षक. महिलांच्या सामन्याला एवढी गर्दी कुणाच्या गावीही नव्हती. जर्मनी ४-१. जर्मन महिलांचं पहिलं मोठं विजेतेपद.

आता बक्षीस. महासंघानं प्रत्येक खेळाडूला चिनी मातीचा टी-सेट दिला. व्हिलेरॉय अँड बॉख कंपनीचा, पांढऱ्यावर नाजूक फुलांची नक्षी. आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून यायचे आणि पाहुणे आल्याशिवाय कपाटाबाहेर निघायचे नाहीत, त्यातला. वर कडी म्हणजे तो पहिल्या प्रतीचा मालही नव्हता. कारखान्यात बारीक खोट राहिली म्हणून बाजूला काढतात ना, त्या दुसऱ्या प्रतीचा.

यावर दोन प्रकारे बोलतात लोक. एक म्हणजे ‘त्या काळात महिलांचा खेळ हौशीच होता, पैसे देता येत नव्हते, काहीतरी आठवण म्हणून दिलं’. यात तथ्य आहे. नियम तसे होते. पण बायकांनी काही जिंकलं की त्यांना स्वयंपाकघरात लागणारी वस्तू द्यायची, हे ज्याला सुचलं त्याला दुसरं काहीच सुचलं नाही, हे कुठल्या नियमात बसतं? घड्याळ देता आलं असतं. ज्या महासंघानं चौतीस वर्षांपूर्वी ‘लालित्य हरवतं’ म्हणून मैदान नाकारलं, त्यानंच फुलाफुलांच्या कप-बश्या हातात ठेवल्या. मला तर हा टी-सेट त्याच ठरावाचा पुढचा परिच्छेद वाटतो.

पुढे पैसे मिळायला लागले का?

लागले, हळूहळू. २०१३ साली नाइडच्या प्रशिक्षणाखाली युरोप जिंकलेल्या संघातल्या प्रत्येकीला २२ हजार ५०० युरो मिळाले. पुढच्याच वर्षी पुरुषांनी ब्राझीलमध्ये विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रत्येकाला ३ लाख. स्पर्धा वेगळ्या, उत्पन्न वेगळं, हे सगळं कबूल. तरी कप-बश्यांपेक्षा बरं, एवढंच म्हणते.

विश्वचषक खेळली का?

दोन. महिलांचा पहिला अधिकृत विश्वचषक १९९१ साली चीनमध्ये झाला. जर्मनीनं नायजेरियाला ४-० हरवलं, त्यातला पहिला गोल नाइडचा. जर्मनी चौथी आली. त्याच वर्षीच्या जुलैत डेन्मार्कमधल्या ऑल्बोर्गला युरोपचा अंतिम सामना होता. नॉर्वेविरुद्ध जादा वेळेत ३-१, तिसरा गोल तिचाच.

१९९५ साल आठवणीत राहावं असं. मार्चमध्ये कायझर्सलाउटर्नला स्वीडनला ३-२ हरवून तिसरा युरोपियन चषक. जूनमध्ये स्वीडनमध्ये विश्वचषक. तिथे जपानविरुद्धचा १-० असा एकमेव गोल नाइडचा. मग ब्राझील ६-१, इंग्लंड ३-०, आणि उपांत्य सामन्यात चीनला बेटिना वीगमननं ८८व्या मिनिटाला गोल करून घरी पाठवलं. अंतिम सामना १८ जूनला, सोल्नातल्या रोसुंडा मैदानावर, नॉर्वेशी. पहिल्या सत्रातच चार मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि २-० असा सामना गेला.

सोल्ना आणि नॉर्वे. हे दोन शब्द जरा बाजूला ठेवा, परत लागतील.

खेळणं कधी थांबवलं?

१९९६. त्या वर्षी अटलांटात महिला फुटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. जर्मनीनं जपानला हरवलं, नॉर्वेकडून हार पत्करली, ब्राझीलशी बरोबरी केली आणि गटातच बाद. फार कौतुकाचा शेवट नव्हता. बिसान्झही पायउतार झाले. त्यांच्या जागी टीना टोयनं-मायर आल्या आणि नाइड त्यांच्या सहायक झाल्या. इथून पुढे ‘त्या’.

खेळाडू म्हणून जगातली सर्वोत्तम वगैरे पुरस्कार?

नाही. फिफानं महिला खेळाडूंसाठी तो पुरस्कार सुरू केला २००१ साली. तोवर बूट खुंटीला टांगून पाच वर्षं झाली होती. प्रशिक्षक म्हणून मात्र जगातल्या सर्वोत्तम तीनदा ठरल्या: २०१०, २०१३ आणि २०१६.

सहायक म्हणून नऊ वर्षं काय केलं?

लोकांना ही वर्षं मधली रिकामी जागा वाटते. मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात.

त्या काळात वरिष्ठ संघानं १९९७, २००१ आणि २००५ असे तीन युरोपियन चषक जिंकले. २००३ साली अमेरिकेत स्वीडनविरुद्ध निया क्युन्त्सरच्या गोल्डन गोलवर (जादा वेळेतला असा गोल, की तो होताच सामना संपतो) पहिला विश्वचषक आला. श्रेय मुख्य प्रशिक्षक टोयनं यांचं, आणि ते तसंच असावं. नाइड मात्र एकीकडे लहान मुलींचे संघ सांभाळत होत्या. २००४ मध्ये थायलंडला १९ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात जर्मनीनं चीनला २-० हरवलं. गोल करणाऱ्या दोघीही मधल्या फळीतल्या: सिमोनं लाउडेअर आणि मेलनी बेरिंगर.

तीन वर्षांनी, २००७ साली, मोठ्यांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध दुसरा गोल कुणाचा? लाउडेअरचा. बारा वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक, पाच गोल कुणाचे? बेरिंगरचे. कच्च्या वयात पोरींच्या हातात काय आहे ते ओळखायचं आणि मग दहा-बारा वर्षं त्यांना जपायचं. त्या नऊ वर्षांत त्या जे पेरत होत्या ते हे.

२००७चा विश्वचषक खरंच एकही गोल न खाता जिंकला?

हो. सहा सामने, ५४० मिनिटं, २१ गोल केले, शून्य खाल्ले. शांघायमधला पहिलाच सामना अर्जेंटिनाशी ११-०. त्यानंतर इंग्लंडनं ०-० असं अडवलं, तो एकच डाग. अंतिम सामन्यात बिर्गिट प्रिन्झच्या गोलनंतर ब्राझीलला पेनल्टी मिळाली. मारायला मार्टा, तेव्हा जगातली सर्वोत्तम. गोलरक्षिका नादीनं आंगररनं ती अडवली. महिलांचा विश्वचषक लागोपाठ दोनदा जिंकणारा जर्मनी हा पहिला संघ. नाइडबाईंना मुख्य प्रशिक्षक होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

पुढच्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्राझीलनं उपांत्य सामन्यात ४-१ असं उट्टं काढलं, कांस्य मिळालं. २००९ मध्ये हेलसिंकीला इंग्लंडला ६-२ हरवून युरोप पुन्हा खिशात.

२०११ला काय बिघडलं?

मायदेशात विश्वचषक. उद्घाटनाला बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानात सत्तर हजारांवर माणसं. दोन वेळचा विजेता, घरचं मैदान, पोस्टरवर सगळीकडे याच मुली. देश आधीच गुलाल घेऊन उभा होता.

९ जुलैला वोल्फ्सबुर्गमध्ये उपांत्यपूर्व सामना जपानशी. सुरुवातीच्या काही मिनिटांतच मधल्या फळीतल्या किम कुलिगचा गुडघा गेला. जर्मनी हल्ले करत राहिली, चेंडू काही आत जाईना. १०८व्या मिनिटाला बदली खेळाडू कारिना मारुयामानं तिरक्या कोनातून मारला आणि १-०. स्पर्धा संपली. वर ऑलिंपिकची युरोपियन तिकिटं याच स्पर्धेवरून ठरणार होती, त्यामुळे २०१२चं लंडनही गेलं.

टीका खूप झाली. सगळ्यात मोठा वाद बिर्गिट प्रिन्झचा. नायजेरियाविरुद्ध तिला मध्येच बाहेर काढलं आणि त्यानंतर ती एक मिनिटही खेळली नाही, अगदी जपानविरुद्ध गोल हवा असतानाही नाही. प्रिन्झ म्हणजे जर्मन महिला फुटबॉलचा चेहरा. तिची तशी अखेर व्हायला नको होती असं मलाही वाटतं. ती फॉर्मात नव्हती हे दिसत होतं, पण जादा वेळेत बाकावर बसलेल्या प्रिन्झकडे पाहून ‘अहो, उतरवा की तिला!’ असं मी टीव्हीला म्हटलेलं आठवतं. नाइडबाईंना हट्टी म्हणणारे लोक याच सामन्याचं उदाहरण देतात. जपान पुढे जगज्जेता झाला, हे जर्मनांना कळायला वेळ लागला.

मग त्यांना काढून कसं टाकलं नाही?

स्पर्धेआधीच त्यांचा करार २०१६पर्यंत वाढवला होता. महासंघानं तो पाळला. कप-बश्यांबद्दल मी एवढी बोलले, तर याचं श्रेयही द्यायला हवं.

सोल्ना आणि नॉर्वे लक्षात ठेवायला सांगितलं होतं…

हां. २०१३ची युरोपियन स्पर्धा, पुन्हा स्वीडनमध्ये. दुखापतींमुळे कितीतरी मोठी नावं घरी, संघात नवख्या पोरी. गटात नेदरलँड्सशी ०-० आणि नॉर्वेकडून १-० हार. वर्तमानपत्रांनी तिथेच तेरावं घातलं. मग इटलीला १-०, यजमान स्वीडनला १-०, आणि २८ जुलैला अंतिम सामना: गाव सोल्ना, प्रतिस्पर्धी नॉर्वे. रोसुंडाऐवजी नवं फ्रेंड्स अरेना, पण गाव तेच. अठरा वर्षांपूर्वी जिथे खेळाडू म्हणून विश्वचषक हातातून गेला, तिथेच प्रशिक्षक म्हणून उभ्या.

नॉर्वेला दोन पेनल्ट्या मिळाल्या. आंगररनं दोन्ही अडवल्या. मध्यंतरात नाइडबाईंनी आन्या मिटागला उतरवलं आणि चारच मिनिटांत तिनं गोल केला. १-०. दोन वर्षांपूर्वी बदली खेळाडूंवरून ज्यांना शिव्या खाव्या लागल्या, त्यांनी बदली खेळाडूच्या गोलवर युरोप जिंकला.

रिओचं सांगा.

त्याआधी २०१५ला कॅनडात विश्वचषकात चौथा क्रमांक, जरा हिरमोड करणारा. २०१६ नंतर आपण थांबणार हे बाईंनी जाहीर केलेलं होतं. ऑलिंपिकची सुरुवात झिम्बाब्वेला ६-१ हरवून. मग ऑस्ट्रेलियाशी २-२ आणि कॅनडाकडून २-१ हार. चीनला बेरिंगरच्या गोलवर १-०. उपांत्य सामन्यात तीच कॅनडा, या खेपेला २-०.

अंतिम सामन्यात समोर पिया सुंधागे यांची स्वीडन. त्याही खेळाडू म्हणून नाव काढलेल्या आणि मग प्रशिक्षक झालेल्या. ४८व्या मिनिटाला जेनिफर मारोजाननं अलगद वळवलेला गोल. मग तिचीच फ्री-किक खांबावर आदळली आणि परतलेला चेंडू स्वीडनच्या लिंडा सेम्ब्रांटच्या पायाला लागून आत. स्वीडननं एक फेडला. २-१. जर्मन महिलांचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण आणि नाइडबाईंचा मुख्य प्रशिक्षक म्हणून शेवटचा सामना. आईनं विचारलेला प्रश्न याच क्षणाचा.

जर्मनीत मधल्या फळीतल्याच इतक्या जणी प्रशिक्षक कशा होतात?

नाइड, मार्टिना फॉस-टेक्लेनबुर्ग (झीगनमधली तिची सहकारी, पुढे २०१८ ते २०२३ राष्ट्रीय प्रशिक्षक), २० वर्षांखालील मुलींना जगज्जेत्या करणारी मारेन माइनर्ट, किशोरींचे संघ घडवणारी बेटिना वीगमन. चौघीही मधल्या फळीतल्या. मधोमध उभं राहून आठ-दहा वर्षं खेळलं की मागचं-पुढचं सगळं एकदम पाहायची सवय लागते, असं साधं उत्तर आहे. पण मला वाटतं दुसरंही एक कारण आहे. या पिढीनं संघाला काहीच नव्हतं तेव्हापासून उभं केलं. नोकरी सांभाळून सराव केला. असं हातानं बांधलेलं घर सोडून कुणी सहज जात नाही.

नाइड गेल्यानंतर जर्मनीनं काय जिंकलं?

मोठं काही नाही. २०२२ साली वेम्बलीवर इंग्लंडकडून अंतिम सामना हरली. २०२३च्या विश्वचषकात गटातच बाद झाली. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य. नाइडबाई २०१६नंतर महासंघातच राहिल्या होत्या. इतर देशांचे संघ, नव्या मुली पाहून अभ्यास करणारा विभाग त्यांनी सांभाळला. संघाच्या बाकावर मात्र परतल्या नाहीत.

जर्मन मुलींना आपल्याकडे कधी पाहायला मिळालं?

२०२२ साली. १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. जर्मनीचे गटातले सामने आणि स्पेनविरुद्धचा उपांत्य सामना मडगावच्या फातोर्ड्यावर. ब्राझीलविरुद्धचा उपांत्यपूर्व आणि तिसऱ्या क्रमांकाचा सामना नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर. हा शेवटचा सामना नायजेरियाशी ३-३ असा सुटला आणि पेनल्ट्यांवर गेला. जर्मनी हरली. मारिऑन इझबर्टची गोष्ट त्या पोरींना कुणी सांगितली होती की नाही, कोण जाणे.

तो टी-सेट आता कुठे आहे?

डॉर्टमुंडला जर्मन फुटबॉल संग्रहालय आहे, रेल्वे स्थानकाच्या अगदी समोर. त्यातला एक संच तिथे काचेच्या कपाटात मांडलाय. पाहुणे आले तरी बाहेर काढत नाहीत.